कणसाची छाप

माझ्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, गळ्यात एक मेलेली बाई आहे, असं मी चौथीत असताना वर्गात सांगितलं होतं आणि बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. काळ्या दोऱ्यात ओवलेला नखाएवढा सोन्याचा टाक, त्यावर उभी एक बाई. झिजून झिजून तिचे हात कुठले आणि पदर कुठला ते कळत नव्हतं. ती अक्का, म्हणजे माझ्या वडिलांची पहिली बायको. पहिली वारल्यावर जी घरात येते तिनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, सणावाराला हळदकुंकू आधी तिला वाहायचं, मग गेलेली सवत रागावत नाही आणि लेकराबाळांना सुखानं राहू देते. खरं तर ही आमच्यातली रीत नव्हे. शेजारपाजारच्यांकडून कधीतरी घरात शिरली आणि राहिली.

अव्वा मात्र ती मनापासून पाळायची. मला गोवर निघाला तेव्हा अक्कानं वाचवलं, माझ्या भावाला, सोमेशला, नोकरी लागली ती अक्काच्या कृपेनं. मी चिडवायची, "अव्वा, मी केलेला अभ्यास पण अक्कानंच केला का?" तर म्हणायची, "तुज्या जिभेला हाड न्हाय, राजी. तिच्या जागेवर बसून खातोय आपण."

जिभेला हाड नाही हे खरं. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. सोलापूर महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसते. कोण जन्मलं, कोण गेलं, याचा दाखला माझ्या हातून जातो. खोटं बोलणाऱ्याला मी खिडकीतूनच ओळखते, आणि चारचौघांत ऐकवते. ही माझी घमेंड आधीच सांगून ठेवते.

या डिसेंबरात टाकाची कडी तुटली. अंघोळ करताना तो खाली पडला आणि अव्वा ओल्या अंगानं मोरीतच रडत बसली. मी म्हटलं, जोडून आणते, त्यात काय. सराफ कट्ट्यावरच्या दुकानात दिला, तर माणसानं भिंग लावून पाठ बघितली. "मॅडम, हॉलमार्क असता तर नंबर मोबाईलवर टाकून लगेच दुकान सांगितलं असतं. पण छाप हाय की ह्याच्यावर. बघा."

मी भिंगातून बघितलं. पाठीवर एक बारीक कणीस होतं, ज्वारीचं. दाणे सुद्धा मोजता यावेत असं. कणसाखाली तीन ठिपके. ते कणीस मी आधी पाहिलं होतं, माझ्या स्वतःच्या गळ्यात.

माझ्या लग्नात अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला पुतळ्यांची माळ घातली होती. रुपयापेक्षा लहान अशा सोन्याच्या चकत्या, प्रत्येकीवर लक्ष्मी उमटवलेली. "माझ्या आईची हाय," म्हणाले होते. सगळ्या बायकांनी हात लावून बघितली होती. घरी येऊन कपाटातून माळ काढली आणि एकेक पुतळी उलटी केली. प्रत्येकीच्या पाठीवर कणीस, खाली तीन ठिपके. मधोमध एक पुतळी कमी होती. तिथं अप्पांनी लाल रेशमाची गाठ मारून घेतली होती. हरवली असेल, असं मी तीस वर्षं समजत होते.

अव्वाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं? मी लगीन होऊन आले तवा टाक तयार हुता. ह्यांनीच बांधला." मग म्हणाली, "राजी, छापेवरनं सोनाराचं गाव कळतंय म्हणतीस. मग अक्काचं माहेर पण कळंल की. ह्यांनी मला कदी सांगितलं न्हाय. विचारलं की उठून जायचे. तिच्या माहेरी माजी एक ओटी जाऊ दे. तिच्या भावजयीला लुगडं दे, नारळ दे. तेवढं झालं की मी सुखानं डोळे मिटीन."

अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची. ती पंचाहत्तरीची, तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही उत्साह आला होता. खिडकीत बसून कागद चाळणाऱ्या बाईला शोध लावायला मिळाला की ती हुरळणारच.

कट्ट्यावरच्या दोन-तीन जुन्या सराफांनी एकच सांगितलं: कणीस म्हणजे मंगळवेढा. तिथल्या पोतदारांची छाप. एका रविवारी एसटी धरली. पिशवीत अव्वानं स्वतः निवडलेलं हिरवं इरकल लुगडं, खण, नारळ. पर्समध्ये टाक आणि माळ.

पोतदारांच्या दुकानात आता निम्म्या भागात मोबाईलची कव्हरं लटकतात. पन्नाशीचा बिभीषण पोतदार काउंटरमागे चहा पीत होता. टाक हातात घेतला आणि हसला. "आमच्या आज्याची छाप. किती वर्षांनी दिसली."

"आणि हे ठिपके?"

"ते आज्याचं डोकं. एका घरातल्या चार पोरींना सारखीच माळ करायची, मग लग्नानंतर भांडणं, ही माजी, ती तुजी. म्हणून पोरीच्या नंबरावर ठिपके मारायचा. तीन ठिपके म्हंजे तिसरी पोरगी." त्यानं टाक पालथा-उताणा केला. "पर ही बाई आज्याच्या हातची न्हाय. ही पुतळी हुती. वरची लक्ष्मी घासून काढलीया आणि दुसऱ्याच कुणीतरी बाई कोरलीया."

मी माळ काढून समोर ठेवली. लाल गाठ दिसत होती. त्याला काही सांगावं लागलं नाही. मी स्वतःशीच म्हटलं, म्हणजे माळ आजीची नव्हे. ही अक्काचीच माळ. अप्पांनी तिच्यातली एक पुतळी काढून तिचाच टाक केला, आणि बाकीची माळ पुढं मला घातली. मेलेल्या बाईचं स्त्रीधन तिच्या माहेरी परत करायचं, एवढी साधी गोष्ट त्यांनी केली नाही. मला त्यांचा राग आला, पण थोडाच. मेलेल्या माणसावर किती रागावणार?

"तिसरी पोरगी आणि पुतळ्यांची माळ," बिभीषण आठवत म्हणाला, "म्हंजे निंगप्पाचं घर. तिसरी मल्लव्वा. चला, दावतो. म्हातारी आसंल घरातच."

म्हातारी म्हणजे निंगप्पाची सून, अक्काची भावजय, असं मी धरलं. विचारलं नाही. तोंडावर बोलणारी बाई नेमकी तिथंच गप्प बसली.

घरासमोरच्या अंगणात एक उंच, वाळकी म्हातारी सुपात ज्वारी पाखडत बसली होती. बिभीषण म्हणाला, "मल्लव्वा आत्या, सोलापूरच्या पावण्या हायत," आणि दुकान उघडं आहे म्हणून तसाच माघारी फिरला.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं, उठली, मला घरात नेलं, पाणी दिलं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या. गळ्यात काळे मणी. मी विचारलं, "तुम्ही... मल्लव्वा?"

"व्हय. तुमी कुणाच्या?"

"चन्नप्पा बिराजदार. मी त्यांची मुलगी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जसं कुणी लांबून येणारी एसटी आपलीच आहे का बघतं. मग म्हणाली, "व्हय. नाक त्यांचंच हाय."

पुढचं तिनं पाखडल्यासारखं थोडं थोडं सांगितलं. लग्नानंतर तिला खोकला धरला. डॉक्टर क्षय म्हणाला. सासूनं तिला माहेरी आणून सोडलं, माळ आणि पाटल्या काढून घेऊन, चोरीला जातील म्हणून. "बरी झाली की नेतो," म्हणाले होते चन्नप्पा. ती दोन वर्षांत बरी झाली. न्यायला कुणी आलं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं असं उडत उडत कानावर आलं. भाऊ जाऊन भांडणार होता, हिनंच अडवला. "म्या म्हणले, ऱ्हाऊ दे. एकीचं घर मोडलं, आता दुसरीचं कशाला मोडायचं."

म्हणजे अप्पांनी अव्वाच्या माहेरी सांगितलं होतं, पहिली वारली. आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून तिच्याच माळेतली पुतळी घासून तिचा टाक करून नव्या नवरीच्या गळ्यात बांधला. अव्वा ज्या बाईला पन्नासच्या वर वर्षं गेलेली म्हणून पुजत होती ती इथं बसून ज्वारी पाखडत होती. माझ्या अप्पांवर माझा फार जीव होता. त्या क्षणी ते समोर असते तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

मल्लव्वानं कुंकवाचा करंडा आणला. सवाशीण घरात आली आहे, तिला कुंकू लावल्याशिवाय कसं पाठवायचं. माझ्या कपाळाला हळदीचं बोट टेकलं, मग कुंकवाचं, आणि बोट तसंच कपाळावर ठेवून तिनं विचारलं, "ते बरे हायत न्हवं?"

अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा दाखला मीच काढला होता.

आमच्यात कपाळाला कुंकवाचं बोट लागलेलं असताना मरणाचं नाव काढत नाहीत. लहानपणी कुणी काढलं तर तोंडावर फटका बसायचा. ती समोर उभी, तिचं कुंकू एवढं मोठं, आणि मी म्हणायचं की ते पुसा? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बरे आहेत."

"मला वाटलंच. वाईट असतं तर कुणीतरी कळवलं असतं की." ती हसली. वरचे दात नव्हते. "भाकरी चावतीया का त्यांना?"

"दुधात कुस्करून देते."

"डोळ्यानं दिसतंय?"

"एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

बघा, कसं सुचत जातं. खिडकीपलीकडची माणसं खोटं कशी बोलतात याचं मला नेहमी नवल वाटायचं. ती ठरवून बोलत नाहीत. एक पाय घसरला की दुसरा आपोआप पुढं पडतो.

मी तिची ओटी भरली. भावजयीसाठी आणलेलं लुगडं तिच्याच ओटीत घातलं. भावजय कधीच वारली होती, घरात फक्त भाचा सिद्धनाथ आणि त्याची माणसं. मल्लव्वानं लुगड्यावरून हात फिरवला. "तुज्या आईनं धाडलंय? मला?"

"हो."

"म्हंजे तिला ठावं हाय, म्या हाय ते."

"हो," मी म्हटलं.

पर्स माझ्या मांडीवर होती. तिच्यात माळ होती, तिची माळ, तिच्या बापानं करून घातलेली. काढून तिच्या हातात ठेवायला किती वेळ लागला असता? पण माळ काढली तर लाल गाठ दिसणार, एक पुतळी कुठं गेली ते ती विचारणार, टाक दाखवावा लागणार. म्हणजे तिला सांगायचं, आमच्या घरात तू मेलेली आहेस. मी पर्सची चेन चाचपून बघितली आणि बंदच ठेवली. कारण हेच एक होतं असं स्वतःला सांगते, पण तीस वर्षं जी माळ आपली म्हणून मिरवली ती सोडवत नव्हती, हेही त्यात होतंच.

निघताना तिनं गेल्या सालच्या शाळू ज्वारीचं पीठ बांधून दिलं. "त्यांना दे. मऊ हुतीया भाकरी." सिद्धनाथ शेतावरून आला होता. त्यानं माझा मोबाईल नंबर घेतला, घरचं लोकेशन मागितलं, आणि मी पाठवलंही. पाहुण्याला पत्ता द्यायचा नाही असं कुठं असतं.

घरी अव्वा दारातच बसली होती. "सापडलं?"

"सापडलं. भावजय आहे. तिची ओटी भरली. तिनं तुला पीठ पाठवलंय."

कडी जोडून आणलेला टाक अव्वानं डोळ्यांना लावला आणि गळ्यात बांधला. त्या दिवशी तिनं स्वतः भाकरी थापली. म्हणाली, "अक्काच्या माहेरचं पीठ. गोड लागतंय बघ." मी तिच्या समोर बसून ती भाकरी खाल्ली. तिचा चेहरा इतका निवांत झाला होता की मला वाटलं, झालं ते बरंच झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन म्हाताऱ्या, एक इथं, एक तिथं, दोघींना आपापल्या जागी बरं वाटतंय. मी कोण ते मोडणारी?

पण झोपेत सुद्धा मला ते बोट कपाळावर टेकलेलं जाणवायचं. ऑफिसात एक माणूस बायकोच्या दाखल्यावर तारीख चुकीची सांगत होता. त्याला खडसावायला तोंड उघडलं आणि बंद केलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या यात्रेच्या आधी, सिद्धनाथचा फोन आला. "ताई, आत्या नंदीध्वजाची मिरवणूक बघायला यायचं म्हणतिया. नंदीध्वजाचं निमित्त. तुमच्या वडलांना एकदा बघायचंय तिला."

"अप्पांना सोमेश पुण्याला घेऊन गेलाय," मी म्हटलं. "यात्रा झाल्यावर येतील. नंतर बघू."

"बरं," तो म्हणाला. मी फोन ठेवल्या ठेवल्या हॉलमधला अप्पांचा फोटो खाली काढला, चंदनाच्या हारासकट. कपाटामागे सरकवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. अव्वा म्हणाली, "ह्यांचा फोटू कुटं गेला गं?" मी म्हटलं, "काच बदलायला दिलाय." आता मी अव्वाशी, मल्लव्वाशी, सिद्धनाथशी, सगळ्यांशी खोटं बोलत होते, आणि प्रत्येकाशी वेगळं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी चुलीवर, म्हणजे गॅसवर होती, आणि बेल वाजली. मी हात धुऊन येईपर्यंत अव्वानं दार उघडलं होतं.

दारात मल्लव्वा उभी होती. अंगावर अव्वानं पाठवलेलं हिरवं इरकल. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले. कपाळावर ते कुंकू. सिद्धनाथ गाडी लावायला खाली थांबला होता. ती मला बघून म्हणाली, "ते पुण्याला गेल्यात, ठावं हाय. म्हटलं, घर तरी बघून जावं," आणि मग, ते सोमेशबद्दल समजून मान हलवणाऱ्या अव्वावर तिची नजर गेली.

मी फोटो लपवला होता. अव्वाचं कपाळ लपवायचं मला सुचलं नव्हतं. तिथं नुसती विभूती होती. मोकळे हात, आणि गळ्यात एकटा टाक.

मल्लव्वानं कपाळ बघितलं, हात बघितले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मी अव्वाच्या मागे उभी होते. मी काय केलं सांगू? मी हात जोडले. अव्वाला दिसू नये अशा बेतानं, त्या बाईला, जिला आम्ही सगळं काढून घेऊन वर मारून टाकलं होतं, तिलाच मी हात जोडून विनवत होते की बोलू नका.

"मालक कदी गेले तुमचे?" तिनं अव्वाला विचारलं. आवाज अगदी साधा.

"अकरा वर्षं झाली की. या, आत या. कोण तुमी?"

मल्लव्वा आत येऊन खाली जमिनीवरच बसली. तिची नजर आता टाकावर होती. असल्या टाकाचा अर्थ आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. अव्वाला वाटलं पाहुणीला टाक आवडला. तिनं तो पुढं धरून दाखवला. "आमच्या अक्काचा. ह्यांची पहिली. मंगळवेढ्याच्या हुत्या."

"मी पण तितलीच," मल्लव्वा म्हणाली. "तिच्या भावाची बायको."

अव्वानं तिचे दोन्ही हात धरले. माझ्या आईला इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नाही. पाट दे, पाणी दे, चहा टाक, असं मला चारदा सांगितलं आणि तिच्यासमोर बसकण मारली. "वैनी, मला एक सांगा. कशी हुती हो ती? ह्यांनी कदी तोंड उघडलं न्हाय. मी रोज तिला कुंकू वाहते आणि मला तिचं तोंड ठावं न्हाय."

"उंच हुती," मल्लव्वा म्हणाली. "लई तोंडाळ. हसली की गल्लीच्या तोंडापातूर ऐकू जायचं."

"कशानं गेली?"

"खोकला हुता. माहेरी आणून सोडली. तितंच वाट बघत ऱ्हायली."

"कुणाची?"

"त्यांची की. न्यायला येतो म्हणाले हुते."

अव्वाचे डोळे भरले. "माझ्यामुळं न्हाय न्हवं? मी तिच्या मागनं आले न्हवं? खरं सांगा."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. मल्लव्वानं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं अव्वाच्या पाठीवर हात फिरवला. "न्हाय बाई. तू मागनंच आलीस. तुजं काय न्हाय त्यात."

तुझं काही नाही, एवढंच ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

चहा तिनं घेतला. अव्वानं डोळे पुसले आणि म्हणाली, "राजी, वैनींना कुंकू लाव. भोगी हाय." विधवा बाई स्वतः लावत नाही, म्हणून मला सांगितलं. मी करंडा घेऊन पुढं झाले. माझा हात कपाळाजवळ गेला आणि मल्लव्वानं डोकं हळूच मागं घेतलं. "ऱ्हाऊ दे. आजचं लावून झालंय." अव्वाला त्यात वावगं वाटलं नाही. मी करंडा बंद केला.

ती उठली, जिना उतरली. मी कपाटातून माळ काढली आणि अनवाणी तिच्यामागे धावले. सिद्धनाथच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी माळ खिडकीतून पुढं केली. "ही तुमची आहे. मला त्या दिवशीच द्यायची होती. मी खोटं बोलले, माझं चुकलं. काय वाटेल ते बोला मला."

तिनं माळ घेतली, उलटी करून कणीस बघितलं, ठिपक्यांवरून नख फिरवलं, लाल गाठीशी थांबली. मग माझ्या ओंजळीत परत ठेवली. "मल्लव्वाची हाय ही. ती गेली म्हणून तुज्या घरात रोज कुंकू वाहत्यात. गेलेल्या बाईला सोनं कशाला?"

"असं नका म्हणू."

"मग कसं म्हणू? तूच शिकीव." ती ओरडली नाही. हात खिडकीवर ठेवला, भरगच्च बांगड्यांचा. "ह्या काल भरल्या. कासार म्हणला, आजी, एवढ्या कशाला, हात दुखतील. म्या म्हणले, भर. साठ वर्षांनी त्यांच्या म्होरं जायाचंय, मोकळ्या हातानं कशी जाऊ." तिनं हात आत घेतला. "पीठ चांगलं लागलं का त्यांना?"

सिद्धनाथ आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता, त्याला काही कळत नव्हतं. ती त्याला म्हणाली, "चल. नंदीध्वज नगं. घरी चल."

गाडी वळणापर्यंत गेली. मी ओंजळ तशीच धरून उभी होते. वरून गॅलरीतून अव्वानं हाक मारली, "राजी, वैनींना पुन्हा या म्हणून सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं," मी म्हटलं. तेही मी सांगितलं नव्हतं.